चित्र उतरते, आवाज चढत नाही

७ नोव्हेंबर २०२२, सोमवार. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात विद्यार्थी दिनाचा कार्यक्रम होता. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून हा दिवस पाळायचा. योगायोग असा की त्याच सकाळी सर्वोच्च न्यायालय आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्के आरक्षणासंबंधी, म्हणजे २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीसंबंधी, निकाल वाचून दाखवणार होते आणि ते वाचन देशाला थेट दिसणार होते. आम्ही ठरवले, भाषणे नंतर. आधी निकाल ऐकू. भिंतीवर पांढरी चादर बांधली, मागून आणलेल्या प्रोजेक्टरने तिच्यावर न्यायासन उमटले. शिवाय चार-पाच पोरांच्या हातात आपापले मोबाइल होतेच.

पाच न्यायमूर्ती. एकेकाचे म्हणणे येत गेले. तीन मते घटनादुरुस्तीच्या बाजूने पडली की बहुमत झाले, हे सर्वांना ठाऊक होते. आणि त्या तिसऱ्या मताच्या वेळी एक चमत्कारिक गोष्ट घडली. दाराजवळच्या एका पोराच्या मोबाइलमधून ते वाक्य आधी आले. त्याने मान खाली घातली. मग मधल्या एका मुलीच्या मोबाइलने तेच सांगितले. भिंतीवरचे न्यायमूर्ती मात्र अजून अलीकडचेच वाचत होते. जे झालेले होते ते आमच्या चादरीवर अजून व्हायचे होते. शेवटी न्या. रवींद्र भट यांचे विरोधी मत आणि सरन्यायाधीश लळीत यांची त्याला सहमती, हेही असेच तुकड्या-तुकड्याने पोचले. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गातल्या गरिबाला या आरक्षणातून वगळणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही, हा त्या मताचा गाभा. तो ऐकताना हॉलमध्ये दोनदा टाळ्या पडल्या. एकदा मोबाइलवाल्यांच्या आणि नंतर चादरीकडे पाहणाऱ्यांच्या.

कार्यक्रम संपल्यावर अकरावीतल्या एका मुलीने मला दोन प्रश्न विचारले. मी दूरध्वनी खात्यात आयुष्य काढले. एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि तंत्रज्ञ म्हणूनच निवृत्त झालो. त्यामुळे तारेचे काही असले की वस्ती माझ्याकडे येते. तिचा पहिला प्रश्न : "काका, याला लाइव्ह म्हणतात, मग प्रत्येकाच्या हातात वेगळ्या वेळेला कसे?" आणि दुसरा : "आपल्याला दिल्लीचे ऐकू येते, तर आपले तिकडे का जात नाही?"

पहिला प्रश्न तंत्राचा आहे असे मला वाटले होते आणि दुसरा भाबडा. विचार करता करता दोन्ही एकाच प्रश्नाच्या दोन बाजू निघाल्या. त्या मुलीला दिलेले उत्तर अपुरे होते. ते इथे जरा विस्ताराने देतो. कारण सभा, वर्ग, परीक्षा, मुलाखत आणि आता न्यायालयही, हे सारे या तारांवरून चालू लागले आहे. ज्या वाटेने आपल्या मुलांना जायचे आहे, ती कशी बांधली आहे हे कार्यकर्त्याला माहीत असायला हवे.

आधी चित्राचे वजन करू. आज ज्याला सर्रास उच्च दर्जाचे चित्र म्हणतात त्यात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला २४ बिट लागतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एवढे ओझे वाहणारी तार वस्तीत सोडा, जिल्ह्याच्या ठिकाणीही घरोघर नाही. तरीही चित्र येते. सेकंदाला चार-पाच मेगाबिटांत, म्हणजे मूळच्या अडीच-तीनशेव्या हिश्शात, येते. ही किमया कोणती?

किमया अशी काही नाही. ती काटकसर आहे. न्यायमूर्तींच्या मागची भिंत एका क्षणातून दुसऱ्या क्षणात बदलत नाही. मग ती पुन्हा पुन्हा पाठवायची कशाला? एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढच्या चित्रांबाबत फक्त एवढे कळवायचे की हात इतका सरकला, ओठ इतके हलले, बाकी होते तसे. शिवाय प्रत्येक चित्राचे छोटे चौकोनी ठोकळे पाडून त्यातला ठळक भाग ठेवायचा आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळायचा. या गाळणीचे गणित १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. ते मांडणाऱ्या तिघांपैकी पहिले नाव बंगळूरच्या नासिर अहमद यांचे. इतर दोघे नटराजन आणि के. आर. राव. आज जगातला जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोटो दाखवताना या तिघांचे गणित किंवा त्याचे भावंड चालवतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांना त्यांची आठवण नसते. असो.

पण काटकसर कुणाच्या ताटातून होते, हे पाहायची आपल्याला सवय आहे, आणि इथेही पाहायला हवे. एकटा वक्ता, मागे साधा पडदा : हे चित्र दाबायला सर्वांत सोपे. कमी बिटांतही तो चेहरा स्वच्छ राहतो. याउलट ऑक्टोबरमधली दीक्षाभूमी किंवा सहा डिसेंबरची चैत्यभूमी घ्या. हजारो डोकी, प्रत्येक वेगळ्या दिशेने हलणारे, वर निळे झेंडे. मागच्या क्षणाचे पुढच्या क्षणी काहीच कामाला येत नाही. बिट पुरत नाहीत. मग यंत्र तपशील गाळू लागते आणि माणसांचा चिखल होतो. मंचावरचा पुढारी रेखीव दिसतो, समोरचा समुदाय करड्या-निळ्या ठोकळ्यांत विरघळतो. हा यंत्राचा दुष्टपणा नव्हे, गणिताचा स्वभाव आहे. पण त्यावर उपाय आहे. समुदायाच्या चित्राला बिट जास्त द्यायचे. किती द्यायचे हा आकडा माणूस भरतो.

आता प्रवास. आमच्या काळचा दूरध्वनी आणि आजचे जाळे यांत मूलभूत फरक आहे. तुम्ही नंबर फिरवला की आम्ही, म्हणजे एक्स्चेंज, तुमच्यापासून समोरच्यापर्यंत एक वाट राखून ठेवत असू. बोलणे संपेपर्यंत ती तुमचीच. गप्प बसलात तरी तुमचीच. आजच्या जाळ्यात कुणालाच वाट राखून मिळत नाही. चित्राची पॅकेटे करतात. एकेक साधारण दीड हजार बाइटांचे, चार मेगाबिटांच्या चित्राला सेकंदाला तीनशेहून जास्त. ती सगळ्यांच्या पॅकेटांबरोबर एकाच रस्त्यावर सोडून देतात. काही लवकर पोचतात, काही उशिरा, काही वाटेत हरवतात आणि पुन्हा मागवावी लागतात.

अशा अनियमित पुरवठ्यावर सलग चित्र कसे चालवायचे? ज्या वस्तीत नळ दिवसाआड तासभर येतो तिथल्या बायांना याचे उत्तर शिकवायला नको. रांजण भरून ठेवायचा. मोबाइलही तेच करतो. आलेले चित्र लगेच दाखवत नाही. काही सेकंदांचा साठा करतो आणि त्या साठ्यातून सावकाश दाखवतो. या साठ्याला बफर म्हणतात. नळ अडखळला तरी रांजणातले पाणी पुरते. रांजण रिकामा झाला की पडद्यावर ते गोल फिरू लागते, जे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आणि याच रांजणात त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. दिल्ली ते आमचे गाव तारेने दीड हजार किलोमीटर धरले, तरी काचतंतूतून प्रकाशाला ते अंतर कापायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. उशीर अंतरामुळे होत नाही, साठ्यामुळे होतो. २००९ साली अॅपलने आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या डॅश पद्धतीने चित्र पाठवण्याची जी रीत रूढ केली, तीत चित्राचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे कापून सर्व्हरवर ठेवतात. सहा सेकंदांचा तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो देता येत नाही. मोबाइल असे दोन-तीन तुकडे जमवून मग सुरुवात करतो. झाले वीस सेकंद. एखाद्याचा मोबाइल दोन तुकड्यांवर सुरू होतो, दुसऱ्याचा तिसऱ्याची वाट पाहतो, तिसऱ्याचा मध्ये अडखळला की तेवढा कायमचा मागे राहतो. थेट म्हणून जे दिसते ते प्रत्येकाचे स्वतःचे ताजे शिळे असते.

या तुकड्यांची आणखी एक गंमत आहे. सर्व्हरवर प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवलेला असतो. १०८० ओळींचा, ७२० चा, ४८० चा, ३६० चा. मोबाइल दर तुकड्यागणिक नळाचा जोर मोजतो आणि झेपेल ती पायरी मागतो. जोर वाढला की वर चढतो, घटला की खाली उतरतो. ३६० च्या चित्रात ठिपके १०८० च्या नेमके नवव्या हिश्शाइतके असतात. निकालाच्या दिवशी चादरीवर न्यायमूर्तींच्या समोरच्या पाट्या वाचता येत होत्या. मागच्या रांगेतल्या मोबाइलवर त्या पांढऱ्या रेघा होत्या.

शिडी म्हटले की आपल्या वाचकाचे कान टवकारतात. टवकारावेत. पण इथे मला यंत्रावर खोटा आरोप करायचा नाही. ही शिडी जात विचारत नाही. तिच्यावर जन्माने कुणाची पायरी ठरत नाही. खालच्याला वर जाता येते, सेकंदात जाता येते. आपल्या समाजरचनेला ही शिडी पुष्कळ शिकवू शकेल. खोट आहे ती शिडी जिथे टेकवली त्या जमिनीत. मनोऱ्यापासून वस्ती किती दूर, एका मनोऱ्यावर किती घरांचा भार, घरात मोबाइल एक की चार, महिन्याचा रिचार्ज संपायला किती दिवस उरले, यावर पायरी ठरते. २०२० साली शाळा-महाविद्यालये मोबाइलवर आली तेव्हा ही जमीन उघडी पडली. एका घरात एक मोबाइल, तो बाप कामावर घेऊन जाणार आणि तिघा भावंडांचा वर्ग सकाळी दहाला. त्यांच्यासाठी १०८० आणि ३६० हा वादच नव्हता.

सर्वांना एकाच क्षणी दाखवता येत नाही का? येते. प्रत्येक चित्रावर आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारलेला असतो. प्रचलित पद्धतीत हे घड्याळ सेकंदाचे नव्वद हजार भाग मोजते. ओठ आणि शब्द जुळतात ते या शिक्क्यामुळे. आवाज चित्राच्या पुढे गेला तर माणसाला सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी चूकही कळू लागते. मागे राहिला तर आठव्या भागापर्यंत चालून जाते. निसर्गाची सवय अशी की वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, म्हणून कान उशीर सोसतो पण आगाऊपणा सोसत नाही. एका पडद्यात जे करता येते ते हजार पडद्यांतही करता येते. तुकड्यांवर घड्याळातली खरी वेळ छापायची आणि सर्व यंत्रांना सांगायचे, दहा वाजून चाळीस मिनिटे शून्य सेकंदाला टिपलेले चित्र सर्वांनी दहा वाजून चाळीस मिनिटे तीस सेकंदांना दाखवायचे. यंत्रांची घड्याळे जाळ्यावरून जुळवून घेण्याची रीत १९८५ पासून आहे.

मग का करीत नाहीत? कारण त्यात एक अट आहे. सर्वांत मागे असलेल्यासाठी सर्वांना थांबावे लागते. ज्याचा नळ मंद त्याचा रांजण भरेपर्यंत ज्याचा नळ जोरात आहे त्यानेही घोट घ्यायचा नाही. व्यवसाय म्हणून प्रक्षेपण करणारा हे का करील? त्याला पुढच्याला लवकर द्यायचे असते. क्रिकेटच्या सामन्यात शेजाऱ्याची आरोळी आधी आणि आपल्या पडद्यावरचा षटकार नंतर, हे त्याचेच फळ. तंत्र मुके आहे. थांबायचे की पुढे जायचे हे धोरण आहे.

इथवर चित्र उतरण्याची गोष्ट झाली. दुसरा प्रश्न चढण्याचा आहे.

दोन माणसांना बोलायचे असेल तर वीस सेकंदांचा साठा चालत नाही. एका बाजूकडून दुसरीकडे आवाज पोचायला सेकंदाच्या सातव्या भागाहून, म्हणजे दीडशे सहस्रांशाहून, जास्त वेळ लागू नये असे दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. त्यापुढे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर पाय देऊ लागतात. उपग्रहावरून येणारा ट्रंक कॉल ज्यांनी ऐकला आहे त्यांना आठवत असेल. छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तितकेच खाली, यात पाव सेकंद जायचा आणि दोघेही एकदम "हॅलो" म्हणायचे. म्हणून संवादाच्या पद्धतीत रांजण ठेवताच येत नाही. फार तर ओंजळ. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवायला वेळ नसतो, ते सोडून द्यायचे. ही वेगळीच यंत्रणा आहे. ब्राउझरमध्ये ती वेबआरटीसी या नावाने असते आणि २०२१ च्या जानेवारीत तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात प्रत्येक बोलणाऱ्याचे चित्र वर चढवावे लागते.

आणि चढाची वाट अरुंद आहे.

ती तशी का, हे मी सांगू शकतो, कारण ती बांधण्यात माझेही हात आहेत. जुन्या दूरध्वनीत आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेत असत, प्रत्येकाचे आठ बिट. म्हणजे ६४ किलोबिट. आणि हे ६४ दोन्ही बाजूंना. जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्यावरच्या फोनलाही जायला ६४, यायला ६४. चांभारवाड्यातल्या सार्वजनिक फोनलाही तेवढेच. बोलायला जेवढी जागा तेवढीच ऐकायला. ही समता कुणी चळवळ करून मिळवली नव्हती. संभाषण म्हणजे काय याविषयी त्या यंत्राची जी समजूत होती, तिच्यातच ती होती.

२००५ मध्ये त्याच तांब्याच्या तारांवर ब्रॉडबँड आले. मी घरोघर जोडण्या दिल्या. त्या पद्धतीच्या नावातच विषम हा शब्द आहे. तिच्या सुधारलेल्या रूपात उताराला २४ मेगाबिटपर्यंत आणि चढाला एक-दीड. आम्हाला प्रशिक्षणात कारण सांगितले : माणसे पाहतात जास्त, पाठवतात कमी. शिवाय एक्स्चेंजच्या टोकाला शेकडो तारा एकत्र येतात, तिथे दुबळे चढते संकेत एकमेकांत मिसळून बिघडतात. दोन्ही कारणे खरी होती. मी मान डोलावली होती. मोबाइलचेही तसेच. मनोरा मोठ्या शक्तीने बोलतो, हातातला मोबाइल छोट्या बॅटरीवर क्षीण आवाजात. आणि आजच्या बऱ्याच जाळ्यांत एकच लहर आळीपाळीने दोन्ही दिशांना वापरतात, तेव्हा वेळेची वाटणी करताना उताराला मोठा वाटा देतात. तो वाटा निसर्गाने ठरवलेला नाही. तो एक भरलेला आकडा आहे.

माणसे पाठवतात कमी, हे खरे. पण कोणती माणसे, केव्हापासून? ज्याला हजारो वर्षे ऐकण्याचीच सवय लावली त्याचा आजचा वापर मोजायचा आणि त्या मापाने उद्याची वाट बांधायची, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. गावकुसाबाहेर रस्ता कशाला, तिकडून गाड्या कुठे येतात, असे म्हणणारे सरपंच मी पाहिले आहेत.

माझ्या पुतणीची तोंडी परीक्षा २०२१ मध्ये मोबाइलवर झाली. तिला परीक्षकांचे चित्र आणि प्रश्न स्वच्छ ऐकू येत होते. तिचे उत्तर तिकडे तुटक पोचत होते. "कॅमेरा चालू ठेवा," असे दोनदा सांगितले. कॅमेरा चालू ठेवला की तिचा आवाज बुडायचा, कारण दोघांना मिळून चढाची वाट पुरत नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला परीक्षक म्हणाले, "तयारी दिसत नाही." ती गच्चीवर उभी राहून उत्तर देत होती, उन्हात. घरात येऊन म्हणाली, "काका, मी सगळे सांगितले होते." मला त्या दिवशी ते विषम नाव आठवले. तिला कुणी सांगितले असते की चित्र बंद कर, नुसत्या आवाजाला तीस-चाळीस किलोबिट पुरतात, तर परीक्षा निभावली असती. ज्यांना ठाऊक होते त्यांनी नियम केला नाही आणि नियम करणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

आता न्यायालयाकडे परत येतो. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले आणि घटनापीठांपुढच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून दिसू लागल्या. पहिल्याच दिवशी दिसलेल्या प्रकरणांत हे दहा टक्क्यांचे प्रकरण होते. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिला कमी लेखणारे मला आपल्यातच भेटतात, तेव्हा मी वाद घालतो. आपल्या आरक्षणावर वकील काय बोलतात, न्यायमूर्ती काय विचारतात, हे पूर्वी आपल्याला वर्तमानपत्राच्या चार ओळींतून कळायचे. तेथे उलट बोलता येणार नाही, हे मला मान्य आहे. न्यायालय म्हणजे सभा नव्हे. पण समजले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालते. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी साठ माणसे होती. दोन-तीन वाक्ये धड समजलेले आम्ही सात-आठ असू.

याला तंत्रात उत्तर आहे काय? आहे, आणि जुने आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून आपल्या देशात सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांना दूरदर्शन दाखवण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या प्रयोगात चित्राची वाहिनी एक होती आणि तिच्याबरोबर आवाजाच्या वाहिन्या दोन. एकच चित्र, पण एका गावाने ते तेलुगूत ऐकावे आणि दुसऱ्याने कन्नडमध्ये. पन्नास वर्षांपूर्वी, आकाशातून.

आज तर तुकड्यांच्या यादीत चित्राशेजारी हवे तितके आवाज लिहिता येतात. चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्या एकेका चित्रपटाला आठ-दहा भाषांचे आवाज जोडतात, आणि वेळेचा शिक्का सगळ्यांना ओठांशी बांधून ठेवतो. खर्च पाहा. चित्राला सेकंदाला ३२०० किलोबिट धरले आणि मराठी आवाजाला आमच्या जुन्या फोनइतके ६४, तर तो पन्नासावा हिस्सा झाला. शिवाय ज्याला मराठी हवी तो इंग्रजी आवाज उतरवतच नाही. भार वाढत नाही, बदलतो. कुणी म्हणेल, दुभाष्याला ऐकून बोलायला दोन-चार सेकंद लागतात, मग ओठ कसे जुळणार? इथे तो रांजण आपल्या बाजूने उभा राहतो. प्रक्षेपण तसेही वीस सेकंद मागे चालले आहे. त्या वीसात दुभाष्याचे चार सहज बसतात. त्याच्या आवाजाचा शिक्का चार सेकंद मागे सरकवला की न्यायमूर्तींचे तोंड आणि मराठी वाक्य एकत्र येतात. जो उशीर आपल्याला दोष वाटत होता त्यातच भाषांतराला जागा आहे. निकालांची मराठी भाषांतरे न्यायालय आता उपलब्ध करून देते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून घटनापीठापुढच्या युक्तिवादांचे यंत्राने लिहिलेले मसुदेही निघू लागले. पण ती निकालानंतरची आणि वाचणाऱ्यांची सोय झाली. ऐकणाऱ्यांची आणि त्याच वेळची सोय तारेला अशक्य नाही, एवढेच मला तंत्रज्ञ म्हणून सांगायचे आहे.

तोवर आम्ही आमच्यापुरती एक जुळवाजुळव केली. ६ ते ८ फेब्रुवारी २०२४ असे तीन दिवस सात न्यायमूर्तींपुढे अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची सुनावणी झाली. हा विषय आपल्यातच दुही असलेला. मातंग वस्तीचे म्हणणे एक, आमच्या बौद्ध वस्तीतल्या पुष्कळांचे दुसरे. आम्ही दोन्हीकडे पडदे लावले, मोबाइल बंद करायला लावले आणि चित्राचा आवाज बंद केला. तालुक्याला वकिली करणारी एक ताई आपल्या घरी इंग्रजी ऐकत होती आणि साध्या फोनच्या सामूहिक कॉलवर मराठीत सांगत होती. पहिल्या दिवशी घोळ झाला. तिचा आवाज आमच्या चित्राच्या पुढे धावत होता. वकील अजून पाणी पीत होते आणि ताई त्यांचा मुद्दा सांगून मोकळी. मग मी तिला तिचे चित्र पुढे रेटू नको म्हटले, मधे थांबवून पंधरा सेकंद मागे घे म्हटले. तरी जमेना. तेव्हा हॉलमधल्या पोरांनी दोन्ही पडद्यांवरचे घड्याळ फोनवर मोठ्याने वाचून मिळवले. जो पडदा पुढे तो थांबवायचा आणि मागचा आला की दोन्ही सोडायचे. ताईनेही आपले तिथेच आणून ठेवले.

दुपारनंतर जुळले. साडेतीनच्या सुमारास मातंग वस्तीतून एका म्हाताऱ्या बाईंनी मधेच विचारले, "पोरी, ते डाव्या अंगाचे साहेब काय विचारताहेत, पुन्हा सांग." ताईने सांगितले. आमच्याकडून एक जण म्हणाला, "ते तसे नाही विचारत, मावशी." मावशी म्हणाल्या, "थांब, तिला सांगू दे." कॉल फोनचा होता. दोन्ही बाजूंनी सारखीच वाट होती. आम्ही चित्र थांबवून धरले आणि बोलणे चालू राहिले.